‘चार्ज’ कळला की निम्मा कागद कळला: मराठी माध्यमातून बेळगावात आलेल्यांसाठी

खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडून किंवा पलीकडच्या चंदगडातून बेळगावात नोकरीला नाहीतर कॉलेजला येणाऱ्या पोरापोरींचं इंग्रजी अवघड शब्दांशी अडत नाही. अवघड शब्द दिसला की मोबाइल काढून अर्थ बघता येतो. अडतं ते ‘चार्ज’सारख्या शब्दाशी, कारण तो आपल्याला येतोच असं वाटतं. आजीसुद्धा म्हणते, ‘फोन चार्जिंगला लाव की.’ मग हाच शब्द लाईट बिलावर भेटतो, बँकेच्या पत्रात भेटतो, दवाखान्यातल्या पाटीवर आणि कोर्टाच्या बातमीत भेटतो, आणि दर ठिकाणी वेगळंच काहीतरी सांगतो. त्यात आपल्याकडं घरात मराठी, कागदावर कन्नड आणि इंग्रजी. चूक झाली तर ती पैशाची नाहीतर सहीची होते.

मीही मराठी माध्यमातलाच. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात कागद लिहीत इंग्रजी शिकलो. नवीन येणाऱ्यांना तोंडी जे सांगत आलो तेच इथं क्रमानं लिहिलंय. क्लासच्या नोट्समध्ये ‘चार्ज’चे अर्थ यादी करून पाठ करायला देतात. ती यादी बाजूला ठेवा. पाठ केलेला अर्थ काउंटरवर उभं राहिल्यावर आठवत नाही.

सुरुवातीला हाताशी ठेवायच्या वस्तू

- घरचं हेस्कॉमचं एक लाईट बिल, कन्नड आणि इंग्रजी दोन्ही ओळींसकट
- बँकेचं पासबुक किंवा स्टेटमेंट, शक्यतो कर्जखात्याचं
- शेती असेल तर ताजा उतारा
- दवाखान्याचा जुना डिस्चार्ज कागद, घरात कुणाचा तरी असतोच
- शिकणाऱ्यांसाठी काढलेला इंग्रजी शब्दकोश. त्यात शब्दापुढं वाक्य दिलेलं असतं. नुसता अर्थ देणारं अॅप इथं कामाचं नाही
- सरकारी मराठी शब्द अडले तर महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश
- एक वही

१. आधी मूळ पकडा: भार

या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘कारुस’ म्हणजे गाडा, त्यावरून गाड्यावर माल लादणं, आणि तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘चार्ज’. ‘कार’, ‘कॅरी’ आणि ‘कार्गो’ ही याच घरातली भावंडं. म्हणजे मूळ अर्थ एकच: भार टाकणे.

हा मूळ अर्थ बेळगावात अजून जिवंत बघायला मिळतो तो फौंड्रीत. भट्टी लावायच्या आधी पिग आयर्न, बिडाचं भंगार, स्टीलचं भंगार, मागच्या ओतकामातले उरलेले तुकडे असं सगळं वजन करून बाजूला काढतात. त्या मालालाच म्हणतात चार्ज. कुपोला भट्टी असेल तर कोळशाचा एक थर, लोखंडाचा एक थर आणि थोडा चुनखडीचा दगड, असं वरच्या तोंडातून आत सोडत जातात. ‘चार्ज टाकला काय?’ असं कामगार विचारतो तेव्हा त्यात पैसा नसतो, पोलीस नसतो, वीजही नसते. माल भट्टीत पडला का, एवढंच. काही ठिकाणी कोणता माल किती किलो टाकला याच्या कागदाला चार्जशीट म्हणतात. पहिल्या आठवड्यात हा कागद हातात आला आणि पोटात गोळा आला, तर घाबरू नका.

आता गंमत बघा. मराठी शाळेत विज्ञानात आपण ‘विद्युतप्रभार’ शिकतो आणि सरकारी मराठीत एखाद्या खुर्चीचा ‘अतिरिक्त प्रभार’ दिला जातो. दोन्हीकडं इंग्रजीत चार्ज, दोन्हीकडं मराठीत प्रभार, आणि पोटात भार. शब्द घडवणाऱ्यांनी मूळ बरोबर हेरलं होतं. कन्नडमध्ये विजेच्या चार्जला ‘आवेश’ म्हणतात, पण खुर्चीचा चार्ज सांभाळणारा तिथंही ‘प्रभारी’च.

२. मग विचारा: कुणी, कुणावर, कशाचा भार टाकला?

वाक्यात ‘चार्ज’ दिसला की हे तीन प्रश्न विचारायचे. भार पैशाचा असेल तर शुल्क, जबाबदारीचा असेल तर पदभार, गुन्ह्याचा असेल तर आरोप, कर्जाचा जमिनीवर असेल तर बोजा.

खूण सापडते ती शेजारच्या चिमुकल्या शब्दात. ‘चार्ज फॉर’ म्हणजे पैसे. ‘चार्ज्ड विथ’ म्हणजे बहुतेक वेळा आरोप. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे जबाबदारी. ‘चार्ज ॲट’ म्हणजे कुणीतरी अंगावर धावून येतंय. ‘चार्ज ऑन’ कर्जाच्या कागदात असेल तर बोजा. ‘चार्ज टू’ म्हणजे अमुक खात्यावर मांडा. हे सहा शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहा. बाकी व्याकरण नंतर बघू.

३. पैशाचा चार्ज

सगळ्यात जास्त भेटणारा हाच. लाईट बिल पुढ्यात घ्या. त्यात दोन ओळी शोधा: ‘फिक्स्ड चार्जेस’ आणि ‘एनर्जी चार्जेस’. कन्नडमध्ये पहिल्याला ‘निगदित शुल्क’ लिहितात. लिपी वाचता आली की ‘शुल्क’ आपल्या ओळखीचंच आहे. एनर्जी चार्ज तुम्ही जाळलेल्या युनिटांचा. फिक्स्ड चार्ज युनिटांवर नाही, तुमच्या जोडणीला किती किलोवॅट भार मंजूर आहे त्यावर. म्हणून घर सहा महिने कुलूपबंद ठेवून पुण्या-मुंबईला गेलेल्यांनाही बिल येतं. ‘लाईट वापरलीच नाही तर चार्ज कसला?’ म्हणून काउंटरवर भांडणारी माणसं अजून दिसतात. गरजेपेक्षा जास्त भार मंजूर असेल तर तो कमी करून घेण्याचा अर्ज करता येतो. भांडणापेक्षा ते बरं.

बोलताना नेहमी चुकणारी जागा म्हणजे कोणत्या पैशाला काय म्हणायचं. बसच्या तिकिटाचे पैसे म्हणजे ‘फेअर’. शाळा, डॉक्टर, वकील यांचे पैसे म्हणजे ‘फी’. दुकानातल्या वस्तूचे ‘प्राइस’. कुणी सेवा दिली, जागा वापरू दिली, त्याचे ‘चार्ज’. नियम मोडल्याबद्दल भरतो तो ‘फाइन’. त्यामुळे कंडक्टरला ‘व्हॉट इज द बस चार्ज?’ विचारलं तर त्याला कळेल, पण इंटरव्ह्यूत असं बोलू नका. पार्किंगवाल्याला मात्र ‘हाऊ मच डू यू चार्ज फॉर अ बाइक?’ हे अगदी बरोबर.

‘फ्री ऑफ चार्ज’ म्हणजे पैसे न घेता. कर्नाटकातल्या महिलांना जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या साध्या सरकारी बसचा प्रवास ‘फ्री ऑफ चार्ज’ आहे. तिकीट मात्र घ्यावंच लागतं, शून्य रुपयांचं. ‘फ्री ऑफ कॉस्ट’ आपल्याकडं सर्रास बोलतात. लिहिताना ‘फ्री ऑफ चार्ज’ लिहा.

कर्जखात्यावर ‘पीनल चार्जेस’ अशी ओळ दिसली तर नीट वाचा. हप्ता थकला की बँका पूर्वी दंडव्याज लावत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं २०२४ पासून व्याजदरात भर घालून दंड वसूल करता येत नाही. दंड वेगळा, पीनल चार्ज म्हणून दाखवावा लागतो आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. स्टेटमेंटवर ही ओळ सुटी दिसायला हवी. दिसत नसेल तर विचारा, लेखी विचारा.

४. उताऱ्यावरचा बोजा

ही पायरी शेतीवाल्यांसाठी, पण गावाकडं जमीन नाही असा माणूस आपल्याकडं विरळा. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, म्हणून जुनी माणसं अजून ‘सात-बारा’ म्हणतात. ऑफिसात ‘आरटीसी’ किंवा ‘पहाणी’. घरात आपण ‘उतारा’ म्हणतो. नावं वेगळी, कागद एकच; गोंधळू नका.

पीककर्ज काढलं की बँक किंवा सोसायटी जमिनीवर ‘चार्ज’ ठेवते. मराठीत बोजा. कर्नाटकाच्या उताऱ्यावर तो हक्क आणि ऋणांच्या रकान्यात कन्नडमध्ये नोंदलेला असतो. विज्ञानाच्या पुस्तकातला ‘ऋण’ वेगळा आणि हा वेगळा; इथं सरळ देणं.

बोजा म्हणजे जमीन बँकेची झाली असं नाही. गहाणखत आणि चार्ज यांत कायद्यानं फरक आहे: मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मध्ये गहाणाला कलम ५८ आणि चार्जला कलम १००. चार्जमध्ये जमिनीतला हक्क दुसऱ्याकडं जात नाही, फक्त देणं वसूल करायला ती जमीन बांधलेली राहते.

इथले सापळे:

कर्ज फिटलं की बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचा ‘नो ड्यू’ दाखला घेऊन कपाटात ठेवला आणि पाच वर्षांनी वाटणीच्या वेळी उतारा काढला तर बोजा तसाच, हे घरोघरी घडतं. बोजा कमी करण्याची नोंद महसूल दप्तरात जाते का ते विचारा आणि काही दिवसांनी नवा उतारा काढून रकाना स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

जमीन किंवा प्लॉट घेताना नुसता उतारा बघू नका. सब-रजिस्ट्रारकडून ‘ईसी’ म्हणजे एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट काढा. कन्नडमध्ये त्याला ‘ऋणभार प्रमाणपत्र’ म्हणतात. भार तिथंही आलाच. व्यवहाराची नोंद असेल तर फॉर्म १५ मिळतो, त्या काळात काहीच नोंद नसेल तर फॉर्म १६. पण ईसीत फक्त रजिस्टर झालेले व्यवहार येतात. म्हणून उतारा आणि ईसी दोन्ही समोरासमोर ठेवून वाचायचे.

५. खुर्चीचा चार्ज

‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे सांभाळणारा. ‘शी इज इन चार्ज ऑफ द वॉर्ड’, म्हणजे वॉर्ड ती सांभाळते. आता मध्ये एक ‘द’ घाला: ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द वॉर्डन.’ इथं मूल सांभाळत नाही, मुलाला वॉर्डन सांभाळतो. एका ‘द’नं सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा यांची अदलाबदल होते. अर्जात हे चुकलं तर वाचणाऱ्याला हसू येतं.

आपण ‘इनचार्ज साहेब’, ‘इनचार्ज सिस्टर’ असं नाम करून टाकलंय. इथल्या ऑफिसात चालतं. बाहेरच्या कंपनीला मेल लिहिताना ‘द पर्सन इन चार्ज’ लिहा. आणि सरकारी शाळेत ‘इन-चार्ज हेडमास्टर’ म्हणजे प्रभारी: कायमचा माणूस येईपर्यंत खुर्ची सांभाळणारा. आपल्याकडं प्रभारी कधीकधी निवृत्तीपर्यंत प्रभारीच राहतो, ते सोडा.

नव्या नोकरीत ‘टेक चार्ज’ सांगितलं की आधी ‘चार्ज लिस्ट’ मागा: स्टॉक, कॅश शिल्लक, किल्ल्या, अर्धवट फायली. स्टॉक मोजल्याशिवाय त्या यादीवर सही करायची नाही, देणारा कितीही ओळखीचा असो. ‘काका आहेत, त्यांच्यावर काय संशय घ्यायचा’ म्हणून केलेली सही ऑडिटच्या दिवशी तुमच्याच अंगावर येते. कमी असलेली वस्तू यादीतच ‘कमी’ म्हणून लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या.

सरकारी नोकरीत तारखेपुढं ‘फोरनून’ की ‘आफ्टरनून’ हे दोन शब्द बघा. दुपारनंतर चार्ज घेतला तर पगार साधारणपणे दुसऱ्या दिवसापासून धरतात. रुजू व्हायला जाताना सकाळची बस पकडा.

६. पोलिसांचा, कोर्टाचा आणि साहेबांचा चार्ज

‘ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट’, त्याच्यावर चोरीचा आरोप ठेवला. ‘फॉर थेफ्ट’ नाही, ‘विथ’. तोच ‘विथ’ कधी चांगल्या कामालाही लागतो: ‘शी वॉज चार्ज्ड विथ ट्रेनिंग द न्यू स्टाफ’, नव्यांना शिकवायचं काम तिच्यावर सोपवलं. पुढचा शब्द वाचल्याशिवाय कुणाला गुन्हेगार ठरवू नका.

बातमी वाचताना पाच टप्पे वेगळे ठेवा. एफआयआर म्हणजे तक्रार नोंदली. चार्जशीट म्हणजे तपास संपवून पोलिसांनी कोर्टाला दिलेलं दोषारोपपत्र. कन्नड बातमीत ‘आरोपपट्टी’. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यात हे कलम १९३ मध्ये येतं. जुन्या कायद्यात ते १७३ होतं. त्यानंतर कोर्ट स्वतः बघून ‘फ्रेमिंग ऑफ चार्ज’ करतं, म्हणजे आरोप निश्चित करतं. मग खटला, मग निकाल. पोलिसांनी चार्जशीट दिली म्हणजे कोर्टानं दोषी धरलं, असं गावात चटकन पसरतं. मधे अजून बरीच वाट असते.

नोकरीच्या फॉर्मवर ‘अरेस्टेड’, ‘चार्ज्ड’, ‘प्रॉसिक्यूटेड’, ‘कन्व्हिक्टेड’ असे शब्द एकाच ओळीत येतात. प्रत्येकाचा अर्थ वेगळा. आंदोलनातली जुनी केस असलेले आपल्या भागात कमी नाहीत. तुमचं नाव तसं कुठं असेल तर सरसकट ‘नो’ टाकू नका. वकिलाला विचारून भरा. लपवलेली गोष्ट पडताळणीत निघाली तर केसपेक्षा ते लपवणंच महागात पडतं.

कारखान्यातली ‘चार्जशीट’ ही तिसरीच. गैरहजेरी, भांडण, नुकसान यावरून मॅनेजमेंट कामगाराला देतं ते. तिचा पोलिसांशी संबंध नाही, पण उत्तराची मुदत लिहिलेली असते. घेणार नाही म्हणून तोंड फिरवण्यापेक्षा घ्या, तारीख टाकून घ्या आणि मुदतीत उत्तर द्या.

७. बॅटरीचा चार्ज

इथं थोडक्यात. ‘माय चार्जिंग इज फिनिश्ड’ हे मराठीचं इंग्रजी झालं. ‘माय फोन इज आउट ऑफ चार्ज’ किंवा ‘द बॅटरी इज डेड’ म्हणा. फोनला वीज देणं म्हणजे ‘चार्ज’, पॅक मारणं म्हणजे ‘रिचार्ज’. खोक्यावर ५००० एमएएच लिहिलेलं असतं ते बॅटरीत किती प्रभार मावतो त्याचं माप. फ्रिज-एसीवाला ‘गॅस चार्ज करावा लागेल’ म्हणतो, तो पुन्हा पहिल्या पायरीतला: आत माल भरणं. गॅस कुठून गळाला ते शोधल्याशिवाय भरू देऊ नका.

८. अंगावर येणारा चार्ज

खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या लोकांना हा शिकवायला नको. ‘द गौर चार्ज्ड ॲट हिम’, गवा त्याच्या अंगावर धावून गेला. हत्ती नुसता धाक दाखवायला चार पावलं धावून थांबतो, त्याला ‘मॉक चार्ज’ म्हणतात. पण तो मॉक होता हे नंतरच कळतं, तेव्हा थांबून तपासू नका. लाठीचार्ज याच कुळातला. भारताबाहेरच्या बातम्यांत त्याला ‘बॅटन चार्ज’ म्हणतात.

९. डिस्चार्ज: भार उतरला

दवाखान्यातून घरी सोडणं, हे सगळ्यांना ठाऊक. पण केसपेपरवर ‘डिस्चार्ज फ्रॉम इअर’ दिसलं तर कानाला सुट्टी मिळालेली नाही, कान वाहतोय. आणि ‘डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस’ असा कागद पुढं आला तर सही करायच्या आधी थांबा. डॉक्टर नको म्हणत असताना आम्ही आमच्या जबाबदारीवर पेशंट नेतोय, असं तुम्ही लिहून देताय. विम्याचा दावा करायचा असेल तर आधी विचारून घ्या.

कोर्टात ‘डिस्चार्ज’ म्हणजे आरोप निश्चित व्हायच्या आधीच सोडणं. ‘ॲक्विटल’ म्हणजे खटला चालून निर्दोष सुटणं.

पावसाळ्यात चिक्कोडी, रायबाग, अथणीच्या नदीकाठाला ‘डिस्चार्ज’ रोज ऐकू येतो. राजापूर बंधारा, हिडकल, आलमट्टी यांच्या आकड्यांत तो असतो. मराठी पेपर त्याला ‘विसर्ग’ लिहितात. एकक क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. टीएमसी हे साठ्याचं माप, एक अब्ज घनफूट. मेसेज पुढं पाठवताना या दोन्हींची सरमिसळ होते आणि गावभर घबराट उडते. हिशेबाला एवढं ध्यानात ठेवा: एक लाख क्युसेक डिस्चार्ज २४ तास चालू राहिला तर ८.६४ टीएमसी पाणी खाली जातं. इनफ्लो, म्हणजे धरणात येणारं पाणी, त्यापेक्षा जास्त असेल तर गेट उघडी असूनही धरणातलं पाणी चढतच राहतं, तेव्हा बातमीत दोन्ही आकडे शोधा.